जुन्या मोटारबोटीचे मुके पहारेकरी

जुन्या वस्तूंचा इतिहास लिहिणाराला एक अडचण नेहमीं येते. राजेरजवाडे, लढाया, तह यांविषयीं कोणी ना कोणी कांहीं तरी लिहून ठेवलेलें असतें. पण एखादी कडी, एखादी जाळी, एखादा धातूचा तुकडा अमक्याच ठिकाणीं कां बसविला, हें लिहून ठेवण्याची गरज तो बसविणाऱ्या कारागिराला भासत नाहीं. त्याला तें ठाऊक असतें, त्याच्या हाताखालच्या पोराला ठाऊक असतें, आणि ज्याला ठाऊक नसेल त्यानें विचारावें, इतका तो साधा व्यवहार असतो. पुढें कारागीर जातो, त्याचा शागीर्दहि जातो, वस्तु मात्र मागें उरते. आणि मग विचारावें कोणाला, असा प्रश्न पडतो.

हा प्रश्न आज युरोप-अमेरिकेंतील एका हौशी वर्गापुढें वारंवार उभा राहतो. इ. स. १९२० ते १९४० या वीस वर्षांत तिकडे महोगनी लांकडाच्या फार सुबक मोटारबोटी बांधल्या गेल्या. मिशिगन राज्यांतील अल्गोनॅक या गांवीं निघालेल्या क्रिस-क्राफ्ट कंपनीच्या बोटी त्यांत विशेष नांवाजलेल्या. अशा कित्येक बोटी पुढें वखारींत आणि गोठ्यांत धूळ खात पडल्या. आतां कोणी रसिक त्यांतील एखादी विकत घेतो, घांसूनपुसून पुन्हां पाण्यांत सोडूं पाहतो, आणि त्याच्या हातीं धातूच्या अशा कांहीं वस्तू येतात कीं, त्यांचें नांव त्याला कळत नाहीं आणि प्रयोजनहि कळत नाहीं. सुकाणूचें चाक, दोर अडकविण्याच्या शिंगाड्या खुंट्या, नाळेवर बसविलेलें चकचकीत पातें, हें सारें लहान मूलहि ओळखील. अडतें तें निराळ्याच वस्तूंपाशीं.

या अडणाऱ्या वस्तू एकत्र मांडून पाहिल्या म्हणजे त्यांतील एक समान धर्म ध्यानांत येतो. ज्या वस्तूचें काम कांहीं तरी घडवून आणणें हें आहे, ती ओळखावयास फार वेळ लागत नाहीं. चाक फिरविलें कीं बोट वळते. परंतु ज्या वस्तूचें काम कांहीं घडूं न देणें हें आहे, तिचा उपयोग ती जागेवर आहे तोंवर दिसतच नाहीं. पहारेकरी जागा आहे तोंवर घरांत चोरी होत नाहीं, आणि चोरी होत नाहीं म्हणूनच घरधन्याला वाटूं लागतें कीं, याला फुकट पगार कशाला द्यावा! जुन्या बोटीवरील अनोळखी वस्तू बहुधा या जातीच्या असतात. त्यांची ओळख करून घेणें म्हणजे एका काळच्या माणसांना कशाकशाचें भय होतें, याची ओळख करून घेणें होय.

ग्रंथांच्या अभ्यासकांस हा प्रकार नवा नाहीं. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां त्यांच्यापुढील मोठी अडचण नकलकारांच्या अज्ञानापेक्षां त्यांच्या शहाणपणाची होती. जो शब्द समजला नाहीं तो चुकीचा असें ठरवून त्याच्या जागीं आपल्याला समजणारा शब्द बसवावयाचा, हा नकलकारांचा जगभरचा स्वभाव आहे. बोट दुरुस्त करणारा माणूस नेमकें हेंच करतो. त्याला न समजलेली वस्तु तो काढून टाकतो आणि तिच्या जागीं आपल्या ओळखीची बसवितो. फरक इतकाच कीं, पाठ बिघडला तर अर्थाची हानि होते, आणि बोट बिघडली तर प्राणाची.

पहिलें उदाहरण अगदीं सामान्य वस्तूचें घेऊं. समुद्रावर वापरलेल्या बोटीच्या तळाशीं, पंख्याच्या किंवा सुकाणूच्या जवळ, एक पांढुरका, खड्डे पडलेला, ओबडधोबड धातूचा गठ्ठा बोल्टानें आवळून बसविलेला आढळतो. शेजारचा पंखा कांशाचा, घाटदार. आणि हा गठ्ठा मात्र जणूं कोणीं अर्धवट कुरतडून टाकलेला. नवा मालक तो काढून फेंकतो. किंवा मालक जरा टापटिपीचा असला तर त्यावर सुरेख रंग चढवितो. परिणाम दोहोंचा एकच. कालांतरानें पंख्याचें कांसें तांबूस पडूं लागतें, त्याच्या कडा ठिसूळ होतात, आणि दोष कांशाच्या कसाला दिला जातो.

हा गठ्ठा जस्ताचा असतो, आणि त्याची हकीकत समजण्यासाठीं मोटारबोटीच्या जन्मापूर्वीं सव्वाशें वर्षें मागें जावें लागतें. लांकडी जहाजाला समुद्रकिडा पोखरतो म्हणून ब्रिटिश आरमारानें १७६१ सालीं 'अलार्म' नांवाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे मढविले आणि ती वेस्ट इंडीजकडे पाठविली. १७६३ त तपासणी झाली तेव्हां पत्रे चांगले होते. पण त्यांच्या लगतचे लोखंडी खिळे व पट्ट्या गळून गेल्या होत्या. तथापि कांहीं ठिकाणीं लोखंड शाबूत होतें. तें कां, हें शोधतां असें आढळलें कीं, पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते, तो कागद तेथें चुकून तसाच राहिला होता. म्हणजे तांबें व लोखंड यांच्यामध्यें नुसता कागद आला तरी लोखंड वांचत होतें! वस्तुस्थिति डोळ्यांपुढें होती. तिचें कारण सांगणारें शास्त्र मात्र अद्यापि जन्मास आलें नव्हतें.

तें १८०० मध्यें व्होल्टाच्या विद्युत्घटापासून जन्मास आलें, आणि जहाजांच्या कामीं तें लावलें सर हंफ्रे डेव्ही यानें. तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यांत झिजतात, ही तक्रार आरमाराकडून त्याच्याकडे आली, आणि १८२४ त त्यानें रॉयल सोसायटीपुढें आपलें उत्तर मांडलें. दोन निरनिराळे धातु एकमेकांना लागून खाऱ्या पाण्यांत बुडाले कीं त्यांचा घट बनतो. त्यांतील एक झिजतो व दुसरा वांचतो. तेव्हां तांबें वांचवावयाचें असेल तर त्याच्याहून लवकर झिजणाऱ्या जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा त्याला जोडून द्यावा. तो तुकडा स्वतः खर्ची पडेल आणि तांबें राखील. ज्या नौकांवर हा प्रयोग झाला त्यांत 'समरंग' ही एक होती. आणि ती १८२२ सालीं आपल्याकडील कोचीन येथें बांधलेली होती, हें येथील वाचकांस ऐकून मौज वाटेल.

प्रयोगाचा शेवट मात्र विचित्र झाला. तांबें खरोखरच झिजेनासें झालें. पण त्याबरोबर जहाजांच्या तळाला शेवाळ व शिंपले भराभर चिकटूं लागले आणि जहाजें मंदावलीं. तांबें थोडथोडें विरघळत होतें म्हणूनच त्याच्या विषानें हे जीव दूर राहत होते. झीज बंद झाली तेव्हां तो पहाराहि उठला. कांहीं वर्षांतच आरमारानें डेव्हीचे तुकडे काढून टाकले. पण तत्त्व खोटें नव्हतें. पुढें लोखंडी जहाजांना, आणि त्यानंतर मोटारबोटींच्या पंख्यांना व दांड्यांना, तेंच उपयोगी पडलें. तेव्हां तळावरील तो कुरतडलेला गठ्ठा सदोष नाहीं. कुरतडलें जाणें हेंच त्याचें कर्तव्य. त्याला रंग दिला तर पाण्याचा स्पर्श तुटतो आणि त्याची बळी जाण्याची शक्तिच नाहींशी होते. बोट गोड्या पाण्याच्या सरोवरावर असली तर जस्ताचें फारसें चालत नाहीं. तेथें मॅग्नेशियमचा गठ्ठा लावतात. म्हणजे हा गठ्ठा नीट पाहणाराला बोट कोणत्या पाण्याची हेंहि सांगून जातो.

दुसरी वस्तु एंजिनावरची. कार्बोरेटरच्या तोंडावर पितळी जाळीची किंवा दाट पातळ पत्र्यांची एक डबी बसविलेली असते. मोटारगाडीची संवय असलेला माणूस तिला धूळ गाळण्याची गाळणी समजतो, आणि जुनी, काळवंडलेली डबी काढून गाडीची नवी कागदी गाळणी तेथें चढवितो. पण त्यानें क्षणभर थांबून एक विचार करावा. पाण्यावर एवढी धूळ कोठून यावयाची? ती डबी बाहेरचें कांहीं आंत येऊं नये म्हणून बसविलेली नसून, आंतलें कांहीं बाहेर जाऊं नये म्हणून बसविलेली आहे. एंजिनाच्या आंतील ज्वाला कधीं कधीं उलटून कार्बोरेटरच्या वाटेनें बाहेर झेप घेते. रस्त्यावरील गाडींत पेट्रोलची वाफ वाऱ्यावर उडून जाते. बोटींत ती हवेहून जड असल्यामुळें तळाच्या पोकळींत सांचून राहते. त्या वाफेला एक ठिणगी पुरे होते. जाळीमधून जातांना मात्र ज्वालेची उष्णता धातु शोषून घेतो, आणि ज्वाला जाळीच्या आंतच विझते.

या जाळीचा मूळपुरुष कोण, तर पुन्हां तोच डेव्ही! १८१२ च्या मे महिन्यांत इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ९२ माणसें व मुलें मेलीं. अशा अपघातांनीं व्यथित झालेल्या लोकांच्या विनंतीवरून डेव्हीनें १८१५ सालीं तारेच्या जाळीनें वेढलेला आपला निर्धोक दिवा तयार केला. चौरस इंचास ७८४ छिद्रें अशी बारीक जाळी. तींतून उजेड बाहेर येई, पण ज्वाला येत नसे. खाणींतील ती जाळी शंभर वर्षांनीं पाण्यावर आली. अमेरिकेनें १९४० सालीं मोटारबोटींसंबंधीं जो कायदा केला, त्यानें त्या वर्षीं २५ एप्रिलनंतर बसविलेल्या पेट्रोल एंजिनांना ही जाळी आवश्यक ठरविली; बोटीला लागूनच बाहेरून बसविण्याच्या लहान एंजिनांना तेवढी सूट दिली. त्याच कायद्यानें तळांतील वाफ बाहेर घालविण्याची सोयहि आवश्यक केली. जुन्या बोटींवर कर्ण्याच्या आकाराचीं जीं नळकांडीं दिसतात, तीं शोभेचीं म्हणून पुष्कळ लोक त्यांना झिलई देऊन खालची नळी कापून टाकतात. परंतु त्यांतील एकाचें तोंड पुढें व दुसऱ्याचें मागें कां, आणि एकीची नळी थेट तळापर्यंत कां गेली आहे, हें पाहिलें तर उलगडा होतो. एकानें ताजी हवा आंत घ्यावयाची, दुसऱ्यानें तळाची जड वाफ उपसून बाहेर टाकावयाची. नळी कापली कीं कर्णा उरतो, पहारा उरत नाहीं.

तिसरा प्रकार याहून फसवा आहे, कारण त्यांत वस्तु बिघडलेलीच दिसते. पंख्याचा दांडा बोटीच्या आंतून बाहेर पाण्यांत जेथें जातो, तेथें पितळी मळसूत्री टोपणाखालीं चरबी माखलेल्या दोराचे वेढे दाबून बसविलेले असतात. दांडा फिरूं लागला कीं तेथून थेंब थेंब पाणी गळतें. बोटींत पाणी येतें आहे असें पाहून कोणता शहाणा माणूस पाना उचलणार नाहीं? तो टोपण इतकें आवळतो कीं गळती पूर्ण थांबते. आणि मग कोरड्या घर्षणानें दांडा तापून झिजूं लागतो. तेथें ते थोडे थेंब मुद्दाम ठेवलेले असतात. पाणी हेंच तेथील वंगण. याच दांड्याच्या बाहेरच्या टोंकाशीं, धातूच्या नळकांड्यांत, कधीं कधीं लांकडाच्या पट्ट्या आढळतात. धातूच्या जागीं लांकूड पाहून पूर्वींच्या कोणा गरिबानें केलेली ही डागडुजी असावी, असा तर्क सहज होतो. वस्तुतः ती एका मोठ्या शोधाची खूण आहे. पंख्याचीं पहिलीं आगबोटें निघालीं तेव्हां दांड्याखालचें पितळ इतक्या वेगानें झिजे कीं, पंख्याची ती युक्तिच टिकते कीं नाहीं अशी शंका येऊं लागली. ग्रीनिच येथील यंत्रकार जॉन पेन यानें १८५४ सालीं लिग्नम व्हिटी या अतिकठीण व स्वभावतःच तेलकट लांकडाच्या पट्ट्या तेथें बसविण्याचें पेटंट घेतलें, आणि जें धातूला साधलें नाहीं तें लांकडाला साधलें. पुढें या लांकडाची जागा खांचा पाडलेल्या रबरानें घेतली.

या सर्व उदाहरणांत भय निसर्गाचें आहे. पण कांहीं वस्तूंचें उत्तर निसर्गांत न सांपडतां कायद्याच्या पुस्तकांत सांपडतें. गेल्या शतकाच्याहि मागच्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे १८८५ च्या सुमारापासून, अमेरिकेंत कांहीं लहान नौका निघाल्या. त्यांच्या मागच्या भागीं पितळी धुराडें व खालीं तांब्याच्या नळ्यांची वेटोळीं असत. पाहणारा म्हणेल, ही वाफेची बोट. पण पाण्याची पातळी दाखविणारी कांचेची नळी, जी वाफेच्या प्रत्येक एंजिनावर असावयाची, ती येथें कोठेंच नाहीं. आणि बोटीच्या बाहेरून, कण्याच्या लगत, पाण्यांत बुडालेली एक लांब तांब्याची नळी मात्र आहे. येथें पाण्याऐवजीं नॅफ्था हें ज्वालाग्राही तेल उकळत असत. त्याची वाफ एंजिन चालवी, बाहेरच्या नळींत थंड होऊन पुन्हां तेल बने आणि नाळेंतील टांकींत परत जाई. आग असलेल्या जागीं असें तेल उकळण्याचा हा आटापिटा कशासाठीं? तर वाफेच्या बोटीवर परवाना असलेला एंजिनियर ठेवण्याची कायद्यानें सक्ति होती, आणि पाणी उकळत नसेल तर ती 'वाफेची बोट' ठरत नव्हती! कनेक्टिकटमधील मिस्टिक येथील संग्रहालयांत अशी एक नौका आजहि जपून ठेवलेली आहे.

एथवर वाचून कोणाला असें वाटेल कीं, जुनें जें जें आहे तें तें पूज्यच मानावें. तसें मात्र नाहीं. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारबोटीच्या अगदीं आरंभींच एक लबाडी बसलेली आहे. १८८६ च्या उन्हाळ्यांत गॉटलीब डाइमलर व त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनीं आपलें लहानसें एंजिन एका साडेचार मीटर लांबीच्या होडीवर बसवून ती जर्मनींतील कानश्टाट येथें नेकार नदीवर चालविली. लोकांना पेट्रोलची विलक्षण धास्ती होती. हा मनुष्य पाण्यावर स्फोटक द्रव्य घेऊन फिरतो आहे, असें कळलें असतें तर त्याच्या होडींत कोणी पाऊल ठेवलें नसतें. उलट विजेवर चालणारी होडी लोकांना निरुपद्रवी वाटे. पॅरिस येथें सीन नदीवर गुस्ताव्ह त्रूव्हे यानें ती १८८१ सालीं चालवूनहि दाखविली होती. तेव्हां डाइमलरनें होडीच्या कडेनें चिनी मातीच्या गुंड्या बसविल्या, त्यांवरून तारा ओढल्या, आणि होडी विजेवर चालते असा लोकांचा समज होऊं दिला. त्या तारांतून वीज कधींच वाहिली नाहीं. ती होडी त्या स्थितींत कोणा संशोधकाच्या हातीं लागली असती, तर त्या तारांचें यांत्रिक प्रयोजन शोधतां शोधतां त्यानें जन्म घालविला असता. त्यांचें प्रयोजन यंत्रांत नव्हतें. कांठावर उभ्या असलेल्या माणसांच्या मनांत होतें.

म्हणूनच अनोळखी वस्तु हातीं आली असतां नुसत्या भक्तीनेंहि भागत नाहीं आणि नुसत्या तिरस्कारानेंहि भागत नाहीं. चौकशीचा क्रम साधा आहे. ती कोठें बसविली आहे, कशाच्या शेजारीं आहे आणि तिला काय काय जोडलें आहे, हें प्रथम पाहावें. ती कोणत्या धातूची आहे आणि कोणत्या बाजूनें झिजली आहे, हें मग पाहावें, कारण झीज सहसा खोटें बोलत नाहीं. त्यानंतर, ती येथें नसती तर कोणतें संकट आलें असतें, असा प्रश्न करावा. आणि उत्तर यंत्रशास्त्रांत न मिळालें तर त्या काळच्या कायद्यांत व लोकांच्या समजुतींत शोधावें. जेथें लेखी पुरावा आहे तेथें तो अवश्य पाहावा. क्रिस-क्राफ्ट कंपनीनें प्रत्येक बोटीस क्रमांक देऊन तिच्याविषयीं एक पत्रिका भरून ठेवली होती. तीं दप्तरें व्हर्जिनियांतील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्यें आहेत. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक कळविला कीं ती बोट कारखान्यांतून कोणत्या एंजिनासह बाहेर पडली, हें तेथून समजूं शकतें. आपल्याकडे कुळाचा कागद सांपडल्यावर जमिनीचा तंटा जसा मिटतो, तसे तिकडे कित्येक वाद या पत्रिकांनीं मिटतात.

ज्यांना बोटीशीं कांहीं कर्तव्य नाहीं अशा वाचकांनाहि या चौकशींत घेण्यासारखें कांहीं आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. आपल्या घरांत, गांवांत, संस्थांत जुन्या काळीं बसविलेल्या अशा कितीतरी गोष्टी असतात कीं, त्यांचें प्रयोजन सांगणारें माणूस आतां उरलेलें नाहीं. त्यांतील कांहीं जस्ताच्या गठ्ठ्यासारख्या असतात. त्या मुकाट्यानें झिजतात म्हणून बाकीचें टिकतें. कांहीं डाइमलरच्या तारांसारख्या असतात. ज्या भयासाठीं त्या ओढल्या, तें भय केव्हांच मावळलें. दोन्ही बाहेरून सारख्याच निकामी दिसतात. कोणती कोणत्या जातीची, हें ठरविण्याचे कष्ट मात्र वस्तु काढून फेंकण्यापूर्वीं करावयाचे असतात. कारण पेट्रोलची वाफ तळाशीं सांचल्यावर जाळीचा उपयोग कळून कांहीं लाभ होत नाहीं.